पॅकेजच्या फलकांमागचा धंदा: कोकणातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

प्रवेशाचा हंगाम आला की मुंबई-गोवा महामार्गावर पेण-माणगावपासून कुडाळ-सावंतवाडीपर्यंत तुमचे फलक उभे राहतात. ओळीने मुलामुलींचे फोटो, खाली कंपन्यांची बोधचिन्हं आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत पॅकेजचा आकडा. यंदा कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्सच्या जागा वाढल्याचंही अनेक फलकांवर लिहिलेलं दिसतं. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, त्यानंतर हा ओघ वाढला. सिव्हिल-मेकॅनिकलच्या वर्गांत बाकं रिकामी आणि कॉम्प्युटरला तुकडीवर तुकडी, हे चित्र तुम्ही माझ्याहून जवळून पाहता.

मी तुमच्यासारख्याच एका महाविद्यालयात शिकलो. हिंजवडीत परदेशी ग्राहकांच्या कामावर बरीच वर्षं काढली आणि आता गावी राहून प्रोग्रॅमिंगच करतो. अधूनमधून बाहेरचा परीक्षक म्हणून व्हायवा घ्यायला येतो. मुलांना कॉम्प्युटरला घेऊ नका, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. आपण ज्या नोकरीसाठी मुलं घडवतोय ती नोकरी ज्या हिशेबावर उभी होती तो हिशेब फिरलाय, आणि तरीही आपण शिकवतोय मात्र त्याच जुन्या हिशेबाने, हे मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

आधी तो हिशेब. सॉफ्टवेअर कंपन्यांतली टाटा कन्सल्टन्सी, म्हणजे टीसीएस, १९६८ ची, इन्फोसिस १९८१ ला पुण्यात सुरू झालेली. सुरुवातीला आपल्याकडची माणसंच अमेरिकेत पाठवावी लागत, कारण काम तिथल्या मशीनवर असे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बेंगळुरूला केंद्र काढलं आणि उपग्रहाच्या जोडणीवरून इथे केलेलं काम तिकडे जाऊ लागलं. मग १९९१ चं उदारीकरण, त्याच सुमारास सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आणि शेवटी वायटूके. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं, त्यामुळे २००० उजाडलं की मशीन ते १९०० समजेल, ही धास्ती. कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोट्यवधी ओळींचा कोड कुणीतरी बसून वाचायला हवा होता. तिकडच्या प्रोग्रॅमरला ते कंटाळवाणं वाटे आणि तो महागही होता. आपल्याकडे इंग्रजी वाचणारी, गणित येणारी, रात्र-रात्र बसायला तयार असलेली पोरं होती. काम इकडे आलं. अमेरिकेत कामाला जायच्या एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० होती, २००४ पासून ती पुन्हा ६५,००० वर आली. माणूस पाठवणं अवघड झालं तसं आणखी काम इकडे सरकलं. २०२५ च्या सप्टेंबरात तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावण्याचा आदेश निघाला.

या सगळ्याने आपल्या घरांचं भलं झालं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. कौलं जाऊन स्लॅब पडले, आईवडिलांची ऑपरेशनं झाली, धाकट्या बहिणी शिकल्या. आमच्याच वाडीत अशी घरं आहेत. काम आलं कशामुळे, हे मात्र विसरायला नको. आपण तिकडच्या माणसाहून हुशार म्हणून ते आलं नव्हतं. तेच काम आपल्याकडे कमी पैशांत होत होतं, म्हणून आलं. स्वस्त म्हणून आलेल्या कामाला आणखी स्वस्त जागा सापडली की ते तिकडे जातं.

कोकणी माणसाने हे एकदा भोगलेलं आहे. गिरणगावात आपली किती माणसं होती ते तुम्हाला सांगायला नको. गावाच्या नावाचे गाळे, खानावळी आणि महिन्याची मनीऑर्डर, यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चुली पेटल्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाबद्दल, गिरण्यांच्या जमिनींबद्दल आपण पुष्कळ बोलतो. विणकाम मात्र संपाच्या आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं, हे कमी बोललं जातं. तिथे मजुरी कमी, युनियनचा जोर कमी, कायद्याचा जाच कमी. संपाच्या काळात मालकांनी कापड तिकडून विणून घेतलं, आणि कापड बाहेरून मिळतंय म्हटल्यावर गिरणी चालू करायची घाई त्यांना उरली नाही. मागावरचा आपला माणूस कमी कसबी होता म्हणून घरी बसला नाही. त्याचं काम उचलून दुसरीकडे ठेवता येत होतं, म्हणून तो घरी बसला.

माझे आजोबा त्या काळात बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम कामगाराने खाडा केला तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर परत खोलीवर. आयटीतल्या बेंचवर, म्हणजे ग्राहकाचं काम नसताना कंपनीत वाट पाहत बसणाऱ्या मुलाला दरमहा पगार मिळतो, हा फरक मोठा आहे. पण तो फरकही आकसत चाललाय. टीसीएसने २०२५ च्या जूनपासून नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस माणूस ग्राहकाच्या पैशाच्या कामावर असला पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त नको. आजोबा असते तर त्यांना हा नियम समजावून सांगावा लागला नसता.

आता प्रोग्रॅमरच्या बाजूचं सांगतो, कारण फलकावर ते कधीच येत नाही.

माझ्या पहिल्या काही कामांपैकी एक अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं होतं. हप्त्याची आकारणी करणारा कोबोलमधला जुना प्रोग्रॅम आमच्याकडे यायचा होता आणि तो तिकडे सांभाळणारा साठीला आलेला गृहस्थ रोज आम्हाला शिकवायचा. आमची संध्याकाळ, त्याची सकाळ. हेडफोन लावून आम्ही चौघं-पाचजण टिपणं काढायचो. एका ठिकाणी एक अट होती: अमुक राज्य असेल आणि अमुक तारखांच्या दरम्यान हप्ता चुकला असेल तर पॉलिसी रद्द करायची नाही. तारखा कित्येक वर्षं जुन्या. आम्ही म्हटलं, हे काढून टाकूया का? तो थांबला. म्हणाला, त्या वर्षी तिथे पूर आला होता, लोकांची घरं गेली होती, आणि राज्याच्या विमा नियामकाने आदेश काढला होता. त्या आदेशाखालचे काही दावे अजून मिटलेले नाहीत, ती ओळ काढाल तर माणसं अडचणीत येतील. हे कुठल्याही दस्तऐवजात नव्हतं. त्याच्या डोक्यात होतं, कारण त्या वर्षी विमाधारकांचे फोन घेणाऱ्या बाईंच्या शेजारी बसून त्याने ती ओळ लिहिली होती. शिकवणी संपली आणि त्याची नोकरीही संपली. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी त्याने आम्हाला एकही गोष्ट अर्धी सांगितली नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

असं पुष्कळांच्या वाट्याला आलं. २०१५ मध्ये फ्लोरिडात डिस्नीच्या सुमारे २५० आयटी कर्मचाऱ्यांना आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवून जावं लागलं, तेव्हा तिकडे मोठा गदारोळ उठला होता. तिकडच्या प्रोग्रॅमरचा राग आपल्यावर निघतो तेव्हा तो मला चुकीच्या दारावर आलेला वाटतो, पण खोटा वाटत नाही.

काही वर्षांनी तो विम्याचा प्रोग्रॅम आमच्याकडूनही गेला. ग्राहकाने दुसऱ्या कंपनीला दिला, दर कमी होता म्हणून. शिकवायला आता आम्ही बसलो. आणि बसल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. तो गृहस्थ शिकवत होता तेव्हा त्याच्याकडे विम्याचं ज्ञान होतं, विमाधारक माणसांचं ज्ञान होतं, कुठली ओळ का लिहिली याचा पत्ता होता. आमच्याकडे त्याने सांगितलेलं टिपण होतं. मधल्या वर्षांत आम्ही शेकडो तिकिटं, म्हणजे ग्राहकाकडून आलेल्या कामाच्या चिठ्ठ्या, बंद केली होती, वेळेत केली होती, ग्राहक खूश होता. पण त्या प्रोग्रॅमचा संगणकावरचा पडदा कोण वापरतं, त्याला काय जड जातं, हप्ता चुकलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे आमच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं. कारण ग्राहकाशी बोलणारा माणूस तिकडे बसायचा. आमच्यापर्यंत यायचं ते तिकीट: काय बदलायचं, कुठे बदलायचं, किती दिवसांत.

संस्थाचालक महोदय, बाहेर दिलेल्या कामाचा प्रोग्रॅमरवर जो परिणाम होतो तो मला नोकऱ्यांच्या संख्येइतकाच इथेही दिसतो. दहा वर्षांच्या अनुभवाच्या नावाखाली एकाच वर्षाचा अनुभव दहा वेळा घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. ती आळशी नव्हती. त्यांच्या हाती कामाचा तुकडाच दिला जायचा, आणि तोही पूर्ण लिहून. जे काम पूर्ण लिहून दुसऱ्याला देता येतं, ते आणखी स्वस्तात तिसऱ्यालाही देता येतं. तो तिसरा काल व्हिएतनाममधला किंवा पोलंडमधला माणूस होता. आज ते यंत्र आहे. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं. नीट लिहिलेलं तिकीट वाचून कोड लिहिणं, तो तपासायच्या टेस्ट केस काढणं, जुना कोड नव्या भाषेत आणणं, ही नेमकी तीच कामं आहेत जी आपल्या फ्रेशरला पहिली दोन वर्षं मिळायची.

आकडे सांगतो, तेही सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलेलेच. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं, आणि त्यांत मधल्या-वरच्या फळीतली जास्त. नव्या मुलाचा पगार माझ्या वेळी वर्षाला तीन-साडेतीन लाख होता. मोठ्या कंपन्यांच्या सरसकट भरतीत आजही तो तिथेच रेंगाळतोय. दहा-पंधरा वर्षांत पुण्यातल्या खोलीचं भाडं, मेसचा डबा, एसटीचं तिकीट कुठल्या कुठे गेलं, याचा हिशेब प्रत्येक पालकाकडे आहे. २०२२ च्या आसपास पास झालेल्या कितीतरी मुलांनी ऑफर लेटर हातात ठेवून वर्ष-वर्ष वाट पाहिली. शेजारच्या एका काकूंनी पेढे वाटले होते. नंतर कितीतरी दिवस मी दिसलो की विचारायच्या, "कंपनीचो मेल इलो काय, बघ मां जरा." मुलगा लाजून आत निघून जायचा. तुमच्या फलकावर त्याचा फोटो तेव्हाही होता.

धंदा बुडाला असं कुणी समजू नये. परदेशी कंपन्या आता बाहेर काम देण्याऐवजी इथे स्वतःचीच केंद्रं उघडतायत. आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉम हिच्या २०२४ च्या अहवालात अशी १,७०० हून अधिक केंद्रं आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसं आहेत. पण ती केंद्रं तुमच्या हॉलमध्ये येऊन एका दिवसात दोनशे मुलं उचलत नाहीत. त्यांना थोडी माणसं हवीत आणि अशी हवीत की ज्यांना अर्धवट सांगितलेलं काम पुरं समजून घेता येतं. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या लहान प्रॉडक्ट कंपन्यांचंही तसंच. मी स्वतः मुलाखती घेतो तेव्हा ॲप्टिट्यूडचे गुण पाहत नाही. विचारतो, तू केलेली एखादी गोष्ट कुणी वापरली का, आणि वापरताना काय मोडलं?

या प्रश्नावर आपली मुलं गप्प होतात. त्यांनी काही केलंच नाही असं नाही. त्यांना करू दिलं गेलं नाही, आणि इथे मला तुमच्याशी परखड बोलावं लागेल.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची व्हायवा घेताना माझ्यासमोर ब्लॅक बुकांची चळत असते. सोनेरी अक्षरांचं काळं बाइंडिंग, आत हॉस्पिटल मॅनेजमेंट, फेस रेकग्निशन अटेंडन्स, क्रॉप डिसीज डिटेक्शन. दोन-तीन प्रश्नांत कळतं की कोड विकत आणलेला आहे. पुण्या-मुंबईत तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत, कोडबरोबर रिपोर्ट आणि पीपीटीही मिळते, हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि स्टाफरूमलाही. म्हणजे प्रोग्रॅमर होण्याआधीच मुलाने आपलं काम बाहेर दिलेलं असतं. त्याला मी दोष देत नाही. त्याला शिकवणारे सर तासिका तत्त्वावर आहेत, कधी पगार थकलेले, आठवड्याला वीस-बावीस लेक्चरं आणि वर नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइली. प्लेसमेंटची तयारी करून घ्यायला तुम्ही बाहेरच्या ट्रेनिंग पार्टनरला पैसे मोजता. तो दोन आठवडे ॲप्टिट्यूड घोकून घेतो आणि जातो. तेवढ्या पैशांत एक चांगला शिक्षक वर्षभर टिकला असता.

हुशारी कमी आहे, असं तर कुणी म्हणूच शकणार नाही. कोकण विभागीय मंडळ २०१२ ला वेगळं झालं तेव्हापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येतंय. २०२५ ला ९८.८२ टक्के. ही मुलं चार वर्षं तुमच्याकडे असतात.

आता एका गटाचं सांगतो. दोन मुली, एक मुलगा. तयार प्रोजेक्ट घ्यायला पैसे नव्हते म्हणा किंवा त्यांच्या मॅडम खमक्या होत्या म्हणा, त्यांनी मुलीच्या काकांच्या आंब्याचा हिशेब करायचं ठरवलं. बागेतून पेटी निघते, टेम्पोने वाशीला जाते, दलाल विकतो, मग पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते. हंगामाआधी घेतलेली उचल त्यातून वळती होते. हमाली, वाहतूक वजा होते. पट्टी कधी कागदावर, कधी व्हॉट्सॲपवर फोटो. पाडव्यापासून पावसापर्यंत किती पेट्या गेल्या आणि किती पैसे यायचे राहिले, हे काकांना जूनपर्यंत नक्की कळत नसे. वर्गात ऐकलं तर माहितीच्या दोन टेबलांचा प्रोजेक्ट वाटेल.

पहिली अडचण बागेतच आली. तिथे रेंज नाही. मग नोंद फोनमध्येच साठवायची आणि टेम्पो रस्त्याला लागला, रेंज आली की पाठवायची. पाठवताना रेंज मध्येच गेली की फोन पुन्हा पाठवायचा आणि त्याच बारा पेट्या चोवीस दिसायच्या. काका म्हणाले, तुमचं मशीन दलालापेक्षा भारी, न काढलेला आंबापण मोजतंय. मुलं आठवडाभर चक्रावली. शेवटी प्रत्येक नोंदीला फोनवरच, ती तयार होतानाच, एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने तो गप्प गिळायचा, असं त्यांनी केलं. बँकांच्या पैसे पाठवण्याच्या यंत्रणेत हाच प्रश्न आणि हेच उत्तर असतं. पुस्तकात त्याला भारदस्त नाव आहे, ते त्यांना नंतर समजलं. दुसरी अडचण सात-बाराची. बाग सामाईक, उताऱ्यावर सोळा नावं, त्यातली निम्मी मुंबईला आणि दोन वारलेली. पैसे कुणाच्या नावाने दाखवायचे? मुलांनी आधी 'मालक' असा एकच रकाना ठेवला होता. तो मोडून हिस्सेदारांचं वेगळं टेबल करावं लागलं, आणि ते करण्याआधी दोन घरांत जाऊन ऐकून घ्यावं लागलं, तेही दोघांच्या भांडणासकट. तिसरी गोष्ट अगदी साधी: चिकाने राठ झालेल्या बोटांना बारीक बटणं दाबता येईनात. बटणं मोठी केली, आकडे मोठे केले, रंग दोनच ठेवले.

त्या व्हायवाला मी पाऊण तास प्रश्न विचारत होतो, कारण प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न निघत होता. त्यातल्या एका मुलीला पुढे कोल्हापुरातल्या एका लहान कंपनीत मुलाखतीत दुप्पट झालेल्या पेट्यांवरच विचारत बसले, आणि तिला घेतलं. मुलगा पुण्याला आहे. दुसरी अजून शोधतेय. सगळ्यांना नोकरी लागली असं मी सांगणार नाही. पण मोडलेलं सॉफ्टवेअर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखायला ती तिघंही शिकली. ते काम बाहेर देता येत नाही, कारण बागेत जाऊन काकांचं ऐकल्याशिवाय ते लिहूनच काढता येत नाही.

अशी कामं आपल्याकडे उदंड आहेत. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला मासळीचा लिलाव होतो तिथला हिशेब. काजू प्रक्रियेच्या छोट्या कारखान्यांतली मजुरी. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेटीतला आंबा कुठल्या बागेचा हे गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हटलं तर किती जणांना सोपं साधन मिळतं? ग्रामीण वाचनालयं, पतसंस्था, दूध संस्था, पाणीपुरवठ्याच्या योजना. यांच्यापैकी बहुतेकांना मोठी कंपनी परवडत नाही आणि मोठ्या कंपनीला हे परवडत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्प, समाजाशी जोडलेलं काम आणि इंटर्नशिप यांना श्रेयांकही ठेवले आहेत. म्हणजे कागदावर अडचण नाही.

मग माझं मागणं असं. तयार प्रोजेक्ट बंद करा, आणि ते बंद करायचे तर दुसऱ्या वर्षापासून मुलांना तालुक्यातल्या एखाद्या खऱ्या संस्थेशी जोडून द्या. प्रोजेक्ट सादर झाला म्हणजे संपला असं नको. पुढच्या वर्षीच्या गटाने तोच पुढे चालवावा. जुना, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायची सवय तिथेच लागेल, आणि तिकडच्या त्या गृहस्थासारखं 'ही ओळ का आहे' हे कुणाला तरी सांगायची जबाबदारीही येईल. शिक्षकांना या कामाचे तास धरून द्या. आमच्यासारखी, गावी परतलेली किंवा पुण्या-मुंबईहून घरी बसून काम करणारी प्रोग्रॅमर मंडळी आता प्रत्येक तालुक्यात आहेत. बोलावलंत तर येतील.

आणि फलकावरचे आकडे बदला. किती मुलं बसली, किती जणांना ऑफर मिळाली, त्यातली किती खरोखर रुजू झाली, रुजू व्हायला किती महिने लागले, हातात किती पगार येतो आणि वर्षानंतर किती जण टिकले, हे सगळं छापा. सर्वांत मोठं पॅकेज एकाचं असतं. फी दोनशे पालक भरतात. खरे आकडे छापणारी पहिली संस्था एखाद्या वर्षी मागे पडेल, ही तुमची भीती मला समजते. जागा भरल्या नाहीत तर पगार कुठून द्यायचे, हा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच हे पत्र कुणा एका संस्थेला लिहिलेलं नाही. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतल्या संस्थांनी एकत्र बसून एकच तक्ता ठरवला तर कुणी एकटा मागे पडणार नाही.

काहीजण म्हणतील, मोठ्या कंपन्या अजूनही ॲप्टिट्यूडवरच घेतात, मग बागेतल्या हिशेबाचा उपयोग काय? घेतात, हे खरं. ती तयारीही करून घ्या, त्याला माझा विरोध नाही. फक्त चार वर्षांचं शिक्षण त्या दोन तासांच्या परीक्षेला वाहू नका. त्या दारातून आत गेलेल्या मुलालाही दोन-तीन वर्षांत कुणीतरी विचारणारच आहे, की तिकीट न वाचता तुला काय करता येतं.

पुढचं सत्र सुरू होण्याआधी, तुमच्यापैकी ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांनी विभागप्रमुखांसह एक दिवस काढावा. मी दोन-तीन संस्थांची कामं आणि ती सांगणारी माणसं सोबत घेऊन येईन: एक बागायतदार, एका पतसंस्थेच्या सचिव बाई आणि मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहिणारे एक भाऊ. त्यांना काय हवंय ते तेच सांगतील. मुलांना पहिल्या बाकांवर बसू द्या, आणि प्रश्न मुलांनाच विचारू द्या.

आपला,
कोकणातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी